गाडीतल्या म्युझिक सिस्टीमचा आवाज: व्हॉल्यूम वाढवण्याआधी बास कमी करा

सकाळी गाडी सुरू केली आणि म्युझिक सिस्टीम एकदम अंगावर आली, असं तुमच्या बाबतीत झालंय का? आदल्या रात्री याच आवाजात तुम्ही आरामात गाणी ऐकत घरी आला होतात. बटणाला कोणी हात लावलेला नसतो. रात्री इंजिन, टायर आणि वाऱ्याच्या आवाजावर मात करायला तुम्ही व्हॉल्यूम वाढवत गेलात आणि बराच वेळ मोठा आवाज ऐकून कानही तात्पुरते थोडे मंदावले होते. झोपेत त्यांना विश्रांती मिळाली. पण असं वारंवार होत राहिलं, तर आतल्या कानातल्या नाजूक पेशी कायमच्या मरतात. माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की ही वेळ निम्मी होते. म्हणून ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात; पुण्याहून मुंबईला एकदा गेलात की ते जवळपास संपले! आवाज मोजणारं मोबाइल ॲप अगदी अचूक नसतं, पण अंदाजासाठी पुरतं. ते शेजारी बसलेल्या व्यक्तीला धरायला सांगा.

आता सेटिंग. गाडी उभी असतानाच करा, चालवताना नाही. बास, मिड आणि ट्रेबल तिन्ही शून्यावर आणा आणि गाण्याऐवजी बातम्या लावा. शब्द नीट कळत नसतील तर बहुतेक जण व्हॉल्यूम वाढवतात. तुम्ही आधी बास दोन-तीन पायऱ्या खाली आणा. 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजनं बारीक, उच्च पट्टीची असतात आणि जाड, खालच्या पट्टीचा आवाज त्यांना झाकून टाकतो. गाडी पळताना रस्त्याची घरघरही त्याच जाड पट्टीत भर घालते. बास उतरवला की त्याच व्हॉल्यूमला बोलणं मोकळं होतं. तरीही अस्पष्ट वाटलं तर ट्रेबल एखादी पायरी वर न्या. 'लाउडनेस' नावाचं बटण असेल तर ते बंद ठेवा, कारण ते बास वाढवतं. वेगाबरोबर आवाज आपोआप वाढवणारी सोय असेल, तर ती सर्वात कमी पातळीवर ठेवा. काचा बंद केल्या तरी बराच फरक पडतो. (डिकीत सबवूफर बसवलेल्या तरुण मंडळींना हे आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.)

मागच्या सीटवर लहान मूल असेल तर फेडर पुढच्या स्पीकरकडे सरकवा. मागचे स्पीकर त्याच्या कानाच्या कितीतरी जवळ असतात, आणि आवाज सहन होत नाही हे तान्ह्या बाळाला सांगता येत नाही. रुग्णवाहिकेचा सायरन काचा बंद असतानाही ऐकू यायला हवा, हेही लक्षात ठेवा.

काही वेळा दोष गाडीत नसतोच. "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" ही वयोमानानुसार किंवा गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणाची नेहमीची तक्रार आहे. ट्रेबल दर काही महिन्यांनी वाढवावा लागत असेल, घरचे "बाबा, आवाज कमी करा" म्हणत असतील किंवा प्रवासानंतर कानात शिट्टी वाजत असेल, तर ऑडिओमेट्री करून घ्या. तपासणी दुखत नाही आणि साधारण अर्ध्या तासात होते.

बॅलन्सबद्दल मात्र घाई करा. डावीकडचा किंवा उजवीकडचा आवाज अचानक कमी वाटू लागला, तर बॅलन्स सरकवून वेळ मारून नेऊ नका. मोबाइल आळीपाळीने दोन्ही कानांना लावून पाहा. एका कानाने खरोखरच कमी ऐकू येत असेल, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कधी नुसता मळ निघतो. पण आतल्या कानाला अचानक बहिरेपण आलं असेल, तर स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक उपयोगी पडतात.