माखची प्रतिष्ठापना (७) : पहिले पाचशे बारा बाइट

गेल्या आठवड्यात कबूल केल्याप्रमाणे या हप्त्यात लाइट्स हा माख या सूक्ष्म कर्नेलवर युनिक्स पुरवणारा सर्व्हर बांधण्याचे प्रकरण यावयाचे होते. परंतु मध्यंतरी नागपूरच्या एका वाचकांचे पत्र आले, आणि त्यात विचारलेला प्रश्न विषयाच्या इतक्या मुळाशी जाणारा आहे, की त्याला बगल देऊन पुढे जाणे मला प्रशस्त वाटले नाही. ते विचारतात : माखच्या कर्नेलमध्ये फाइल व्यवस्था मुळीच नाही, ते काम बाहेरच्या सर्व्हरचे, असे आपण सांगितले, मग तो सर्व्हर स्वतःच जर डिस्कवरील एका फाइलीत असेल, तर त्याला तेथून उचलून स्मृतीत आणतो कोण? लाइट्सला आठवडाभर थांबावे लागेल.  पहिला सर्व्हर स्मृतीत आणण्याची ही अडचण मात्र यंत्र सुरू करण्याच्या प्रत्येक वेळी नव्याने उभी राहते, आणि माझ्या मते माखची खरी कसोटी येथेच लागते.

प्रथम यंत्राची बाजू पाहू. बायॉस असलेल्या पीसीला वीज मिळाली की तो बायॉस हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे अवघे ५१२ बाइट, स्मृतीच्या ३१७४४ क्रमांकाच्या पत्त्यावर आणून ठेवतो, आणि सर्व अंमल त्याच्या हवाली करून मोकळा होतो. या ५१२ बाइटांपैकी ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याने व्यापलेले असतात, शेवटचे दोन बाइट सेक्टर ग्राह्य असल्याची निशाणी म्हणून राखून ठेवलेले असतात, आणि उरलेल्या ४४६ बाइटांत जो काही प्रोग्रॅम मावेल त्याने पुढचा सारा संसार उभा करावयाचा असतो. शिवाय या क्षणी प्रोसेसर, मग तो ३८६ असो वा ४८६, १९७८ सालच्या ८०८६ च्याच रीतीने वागत असतो. एक मेगाबाइटच्या पलीकडची स्मृती त्याच्या आवाक्यात नसते. माखला तर ३२ बिटांची संरक्षित अवस्था हवी, आणि त्याचा मुक्काम एक मेगाबाइटच्या वर.

येथे एका जुन्या शिरस्त्याचा उल्लेख केल्यावाचून माझ्याने राहवत नाही. एक मेगाबाइटची हद्द ओलांडताच पत्ता पुन्हा शून्याकडे वळतो, या ८०८६ च्या स्वभावावर विसंबून लिहिलेले काही प्रोग्रॅम प्रचारात होते. आयबीएमने १९८४ साली २८६ प्रोसेसरचे एटी यंत्र काढले, तेव्हा त्या प्रोग्रॅमांची गैरसोय होऊ नये म्हणून पत्त्याच्या एकविसाव्या तारेवर एक दार बसवण्यात आले, आणि त्या दाराचा ताबा देण्यात आला कीबोर्डचे काम पाहणाऱ्या चिपकडे, कारण तिच्या एका पिनेला दुसरे काही काम नव्हते. परिणामी माखसारखे अद्ययावत कर्नेल स्मृतीत चढवावयाचे, तर त्याआधी कीबोर्डच्या चिपकडे अर्ज करून ए-२० नावाचे हे दार उघडून घ्यावे लागे. पूर्वीच्या प्रोग्रॅमांना दिलेला शब्द पाळण्यासाठी केवढी खटपट केली जाते, याचे इतके बोलके उदाहरण संगणकाच्या इतिहासात मला दुसरे आढळलेले नाही.

आता माख जेथे घडले त्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने पहिल्या सर्व्हरची अडचण कशी सोडवली ते पाहू. माख ३.० मध्ये कर्नेलच्याच फाइलीला एक छोटा आरंभक प्रोग्रॅम जोडलेला असे. तो कर्नेलच्या बाहेर, स्वतंत्र टास्क म्हणूनच चाले, आणि डिस्कचे ड्रायव्हर कर्नेलमध्ये असल्यामुळे सेक्टर मागवणे त्याला कठीण नव्हते. तथापि त्या सेक्टरांतून फाइल कशी हुडकावी याचे वाचनापुरते ज्ञान त्याच्या अंगी घालावे लागे, आणि त्या बळावर तो /माख_सर्व्हर्स या डिरेक्टरीतील स्टार्टअप नावाची फाइल उचलून पहिला सर्व्हर उभा करी. नागपूरच्या वाचकांच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर. ते समाधानकारक आहे असे मला वाटत नाही. कारण फाइल व्यवस्था बदलली की आरंभक बदलावा लागतो, आणि तो कर्नेलच्या फाइलीला चिकटलेला असल्यामुळे ती फाइलही नव्याने जुळवावी लागते. ज्या बंधनातून सुटण्यासाठी सूक्ष्म कर्नेलची कल्पना निघाली, तेच बंधन येथे उंबरठ्यावर पुन्हा येऊन बसले होते.

दुसरे आणि माझ्या मते खरे उत्तर १९९५ साली आले. कार्नेगी मेलनमधील माखचे काम १९९४ मध्ये थांबले होते, आणि यूटा विद्यापीठाने ते माख ४ या नावाने पुढे चालवले होते. त्या माख ४ वर ग्नू प्रकल्पाची हर्ड ही व्यवस्था सुरू करण्याच्या खटपटीत एरिक बोलिन हे होते. आणि त्या काळी डॉस, लिनक्स, फ्रीबीएसडी, प्रत्येकाची बूट करण्याची तऱ्हा वेगळी असल्यामुळे, त्या गर्दीत आणखी एका तऱ्हेची भर घालावयाची नाही, असा निश्चय करून त्यांनी आणि ब्रायन फोर्ड यांनी मल्टिबूट नावाचा एक करारनामा तयार केला.

या करारनाम्याची कलमे थोडकी आहेत, आणि त्यातच त्याचे सौंदर्य आहे. कर्नेलने आपल्या फाइलीच्या पहिल्या ८१९२ बाइटांत कोठेतरी तीन संख्या नोंदवून ठेवाव्यात : एक ओळखीची, एक मागण्यांची, आणि एक अशी, की तिघींची ३२ बिटांतील बेरीज शून्य यावी, म्हणजे ओळख पटण्यात गफलत होणार नाही. लोडरने, म्हणजे कर्नेल स्मृतीत चढवणाऱ्या प्रोग्रॅमने, आपल्या बाजूने प्रोसेसरला ३२ बिटांच्या संरक्षित अवस्थेत आणावे, ए-२० चे दार उघडावे, आणि स्मृतीचा तपशील एका तक्त्यात मांडून तो कर्नेलच्या हाती द्यावा. याखेरीज कर्नेलबरोबर आणखी हव्या तितक्या फाइली, ज्यांना मॉड्यूल म्हटले आहे, स्मृतीत चढवून त्यांचे पत्ते याच तक्त्यात लिहावेत. या शेवटच्या कलमाने गाठ सुटली. पहिला सर्व्हर डिस्कवरून आणण्याचे ओझे आता कर्नेलवर नाही, आणि आरंभकावरही नाही. तो कर्नेलच्या शेजारी स्मृतीत आधीच येऊन बसलेला असतो. हर्डमध्ये फाइल व्यवस्थेचा सर्व्हरच अशा रीतीने मॉड्यूल म्हणून चढवतात, आणि तो जागा झाल्यानंतर डिस्कवरील बाकीच्या फाइली वाचण्याचे काम त्याचे.

हा करारनामा पाळणारा लोडर करावा म्हणून बोलिन यांनी फ्रीबीएसडीच्या लोडरला हात घातला, परंतु त्याची डागडुजी करण्यापेक्षा नवा लिहिणे सोपे, असे त्यांच्या लवकरच ध्यानी आले. तो नवा लोडर म्हणजेच ग्रब. लिनक्सवाल्यांच्या घरात तेव्हा लिलो हा लोडर नांदत होता. लिलोला फाइल व्यवस्था कळत नसे. कर्नेल डिस्कवर कोणकोणत्या सेक्टरांत आहे याची यादी तो आधीच करून ठेवी, म्हणून कर्नेल नव्याने बांधले आणि लिलो पुन्हा चालवण्याचे विसरले, की यंत्र सुरू होण्याची शाश्वती उरत नसे. ग्रब फाइलीचे नाव घेऊन ती स्वतः शोधतो. आरंभीचे ४४६ बाइट पुढच्या टप्प्याला बोलावण्यापुरतेच असतात. फाइल व्यवस्थेची जाण त्या पुढच्या टप्प्यांत असते. दिवसातून अनेकदा कर्नेल बांधून पाहणाऱ्या अभ्यासकाला ही केवढी सोय आहे, हे ज्याने दोन्ही वापरले त्यालाच कळेल. १९९९ मध्ये गॉर्डन मॅट्झिगकाइट आणि योशिनोरी ओकुजी यांनी ग्रबला ग्नू प्रकल्पात रीतसर दाखल करून घेतले, आणि एका संशोधन-कर्नेलच्या निकडीतून जन्मलेला हा लोडर पुढे लिनक्सच्या असंख्य यंत्रांवर नांदू लागला. माखचे पीसीवरील सर्वांत टिकाऊ देणे ते हेच, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांच्यापाशी जुने यंत्र नाही, त्यांनी क्यूएमू हा यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम वापरण्यास हरकत नाही. मल्टिबूटचे कर्नेल तो लोडरशिवाय थेट चढवतो. जुन्या यंत्रावर प्रयोग करणारांनी मात्र कर्नेलची फाइल डिस्कच्या पहिल्या ५०४ मेगाबाइटांच्या आतील पार्टिशनमध्ये ठेवावी. १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर या मर्यादेपलीकडचे जुन्या बायॉसला दिसत नाही. पुढच्या हप्त्यात लाइट्स हाती घेऊ. तत्पूर्वी प्रत्येकाने आपल्या डिस्कच्या पहिल्या सेक्टरची प्रत एका फ्लॉपीवर काढून ठेवावी, आणि ती परत लिहिण्याची वेळ आलीच, तर मधल्या काळात पार्टिशन बदलले असल्यास पूर्ण ५१२ बाइट न लिहिता फक्त पहिले ४४६ लिहावेत. अन्यथा जुना तक्ता नव्यावर बसेल आणि डिस्कवरील फाइली सापडेनाशा होतील.