पाण्यातली मोजदाद : लेखांक ६ – गळवाल्याला काय विचारायचं?

लोअर परळच्या डिलाईल पुलावर उभं राहून महसीर माशाचा विषय काढला, तर ऐकणारा आपल्याला वेड्यात काढेल. पण आजची गोष्ट निघते ती इथूनच. १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्यासाठी टाटांनी लोणावळ्याच्या डोंगरात वळवण, शिरवटा अशा तलावांत पावसाचं पाणी अडवलं होतं. गिरण्या गेल्या, त्यांच्या काही चिमण्या मॉल-टॉवरांच्या आवारात शोभेला उरल्या. तलाव मात्र राहिले, आणि १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांनीच महसीरची पैदास सुरू केली.

हा मासा आपलाच. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरचं वर्णन केलं, तेव्हा शास्त्रीय नावात 'खुद्री' हा इथलाच शब्द बसवला. लोणावळ्याला त्याची अंडी उबवून बोटुकली तयार होऊ लागली. ती इथल्या तलावांत सोडली गेली आणि दूर कर्नाटकात कावेरीतही पोचली.

सोडणं सोपं असतं. पिशवीचं तोंड उघडायचं, फोटो काढायचा. त्यातली जगली किती, हे कसं कळणार? खोल, खडकाळ पाण्यात जाळं फिरत नाही. मग उरतो तो काठावर तासन् तास बसणारा हौशी गळवाला.

त्याला विचारायचं काय, यातच सगळी मेख आहे. 'किती मासे मिळाले?' हा प्रश्न एकटा निरुपयोगी. दोन तासांत चार मिळाले की दोन दिवसांत, हे ठाऊक हवं. म्हणून आधी विचारायचं, गळ किती तास पाण्यात होता? मग मासे किती, वजन किती, जात कोणती. रिकाम्या हाताने परतलेल्याला तर आवर्जून विचारायचं, कारण तो स्वतःहून कधीच सांगत नाही. शिवाय जो रोज येतो तोच सर्वेक्षकाला वारंवार भेटतो, आणि सहसा त्याचाच हात बसलेला असतो. त्याच्या भरवशावर राहिलं तर तलाव आहे त्यापेक्षा भरलेला दिसतो. आठवणीवरही विसंबू नये. घरी पोचेपर्यंत मासा वाढतो, हे कुठल्याही गळवाल्याच्या बायकोला विचारा!

कावेरीवरच्या गालीबोरे कॅम्पमध्ये हे सगळं वहीत उतरत होतं. तिथे मासा पकडून, वजन करून परत सोडत. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या नोंदी पिंडर, राघवन आणि ब्रिटन या संशोधकांनी तपासल्या. गळाचे २३,६२० तास, महसीर ६,१६१. दर तासाला मिळणारे मासे वर्षागणिक वाढत गेले होते. बीज सोडणाऱ्यांनी पाठ थोपटून घ्यावी, असाच आकडा.

पण जात आणि वजन पाहिलं तर चित्र उलटं दिसलं. वाढ झाली ती बाहेरून आलेल्या निळ्या परांच्या महसीरची, म्हणजे आपल्या मुळा-मुठेवाल्याच्या भाईबंदांची. कावेरीचा स्वतःचा वशिंडवाला महसीर कमी कमी होत गेला. जे थोडे लागत, ते आकाराने मोठे. मोठे म्हणजे म्हातारे. पिल्लं पुढे येतच नव्हती. वहीत फक्त 'महसीर, इतके' असं लिहिलं असतं, तर यातलं काहीही कुणाला कळलं नसतं.

माझ्या मते इथे लोणावळ्याच्या उबवणकेंद्राला दोष देणं अन्यायाचं होईल. मासा वाचवायचा हाच त्यांचा हेतू. चूक एवढीच की एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडताना तिथे आधीपासून कोण राहतं, याची चौकशी झाली नाही. आणि ती व्हावी तरी कशी? त्या वशिंडवाल्याचं नेमकं शास्त्रीय नाव पक्कं व्हायलाच २०१८ उजाडलं. तोवर गालीबोरे ज्यात येतं त्या अभयारण्यातल्या गळावर बंदी येऊन सहा वर्षं उलटली होती, आणि वह्याही बंद पडल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात जरा जवळ, पवईच्या काठावर.