रंगलेप-दुरुस्ती, मोटारगाडीची

रस्त्यावरील खडी आदळून मोटारगाडीच्या रंगलेपाचा लहानसा तुकडा उडाल्यास पडणाऱ्या खळग्याला टवका म्हणतात. पुढील गाडीच्या चाकांनी उडविलेले खडे हे त्याचे नेहमीचे कारण होय. बॉनेटची पुढची कड व दारांखालची पट्टी येथे टवके अधिक आढळतात. आघाताची ऊर्जा सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाल्यास तोच खडा चौपट ऊर्जेने आदळतो.

रंगलेप एकसंध दिसत असला, तरी त्यात अनेक थर असतात. बहुधा जस्तलेपित असलेल्या पोलादी पत्र्यावर फॉस्फेटाचा अतिशय पातळ थर, त्यावर विद्युत् निक्षेपणाने बसविलेला सु. ०·०२ मिमी. जाडीचा गंजरोधक लेप, मग अस्तरलेप, रंगाचा लेप आणि शेवटी पारदर्शक लेप असा क्रम असतो. सर्वांची मिळून जाडी सु. ०·१ ते ०·१५ मिमी., म्हणजे लिहिण्याच्या कागदाहून फारशी अधिक नसते.

टवका यांपैकी कोणत्या थरापर्यंत गेला आहे, यावर दुरुस्तीची निकड अवलंबून असते. गंजरोधक लेप शाबूत असल्यास हानी केवळ दिसण्यापुरती असते. प्लॅस्टिकच्या बंपरवरील टवक्याचेही तसेच. धातू उघडा पडला असल्यास मात्र प्रथम जस्त झिजते व नंतर पोलाद गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोहाच्या दुपटीहून अधिक असल्याने तो कडेचा रंग उचलतो, त्या फटीत पाणी शिरते आणि गंज रंगाखालून पसरत जातो. वर मोहरीएवढा दिसणारा ठिपका आत बराच मोठा असू शकतो. कोकणपट्टीतील खारट दमट हवेत, तसेच बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या थंड देशांत ही क्रिया शीघ्र होते.

दुरुस्तीत रंग भरण्यापेक्षा पूर्वतयारी महत्त्वाची असते. जागा धुऊन मेण व तेलकटपणा काढतात, सुटलेली कड खरवडतात आणि गंज पूर्णपणे घासून काढतात. गंजावरच रंग भरल्यास तो आत वाढतच राहतो. उघड्या धातूवर अस्तरलेप देऊन तो वाळल्यावर बारीक कुंचल्याच्या टोकाने रंगाचे पातळ हात देतात. एकाच जाड थेंबाने खळगा भरण्याचा मोह टाळावा लागतो. विद्रावक उडून गेल्यावर असा थेंब आक्रसतो व मध्ये खोलगट होतो. शेवटचा पारदर्शक लेप पृष्ठभागाच्या किंचित वर ठेवून, तो पुरेसा कठीण झाल्यावर अतिबारीक काचकागदाने पाणी लावून सपाट करतात व चकाकी आणतात. या घासण्यात भोवतालचा पारदर्शक लेपही झिजतो; म्हणून हे काम बेताने करावे लागते.

गाडीवरील पट्टीवर रंगाचा संकेतांक दिलेला असतो. तथापि उन्हाने मूळ रंग विटलेला असल्यास तोच रंगही वेगळा दिसतो. धातुकणयुक्त रंगात ॲल्युमिनियमाचे चपटे कण फवाऱ्याने जसे बसतात, तसे कुंचल्याने बसत नाहीत. त्यामुळे ठिपका पूर्णपणे लपत नाही. १९२० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या नायट्रोसेल्युलोज लाखरंगांत नवा थर जुन्याला काहीसा विरघळवून त्याच्याशी एकजीव होई. आधुनिक पारदर्शक लेप रेणूंच्या जाळीबंधामुळे तसा विरघळत नाही व नवा थर केवळ आसंजनाने टिकून राहतो. दोन घटक मिसळून वापरावयाच्या बहुतेक पारदर्शक लेपांतील आयसोसायनेटांमुळे दमा जडू शकतो. असे लेप योग्य श्वसनसंरक्षणाशिवाय फवारू नयेत.