हुबेहूब ते हलकी: मॉडेल रेसकारच्या बॉडीचा प्रवास

१९५७ साली इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी ‘स्केलेक्सट्रिक’ बाजारात आणली, तेव्हा खाचेतून पळणाऱ्या त्या छोट्या मासेराटी-फेरारींची बॉडी पत्र्याची होती. १९६० पासून प्लॅस्टिक आलं. ते साच्यात दाबाने भरलेलं, जाड आणि नक्षीदार होतं. दिसायला गाडी हुबेहूब, पण शर्यतीत जड.

हा जडपणा खऱ्या अर्थाने खुपला तो अमेरिकेत. साठच्या दशकात तिथे या खाचेतल्या गाड्यांचं, म्हणजे स्लॉट कारचं, वेड पसरलं. पैसे भरून गाडी पळवायचे भलेमोठे ट्रॅक शहरोशहरी निघाले. वरचा भाग जड असला की गाडी वळणावर खाचेतून बाहेर फेकली जायची. मग दशकाच्या मध्यावर स्पर्धकांनी जाड बॉडी काढून टाकली आणि व्हॅक्यूम फॉर्मिंगची पारदर्शक बॉडी चढवली. ‘लॅन्सर’सारख्या कंपन्या अशा बॉडीसाठीच ओळखल्या जाऊ लागल्या.

पद्धत मिठाईच्या खोक्यातल्या खणांच्या ट्रेसारखीच. लाकडाचा किंवा प्लॅस्टरचा साचा कोरायचा, त्याला बारीक भोकं पाडायची. प्लॅस्टिकची शीट तापून मधोमध झोळीसारखी लोंबली की साच्यावर दाबायची आणि खालून हवा ओढून घ्यायची. शीट साच्याला घट्ट बिलगते. साचा खाली आत वळलेला असेल तर गार झालेली बॉडी निघतच नाही. म्हणून बाजूंना थोडा उतार ठेवावा लागतो. शीट जिथे जास्त ताणली जाते तिथे पातळ पडते आणि बारीक रेषा बोथट होतात.

सुरुवातीच्या, ब्युटिरेट नावाच्या प्लॅस्टिकच्या बॉडी आपटल्या की तडकत. त्यांची जागा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकने घेतली. त्याचा शोध १९५३ मध्ये जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे लावला होता. ‘लेक्सन’ या नावाने ते या छंदात शिरलं आणि टिकलं, कारण ते तुटण्याऐवजी वाकतं. मात्र ते हवेतली ओल शोषतं. न वाळवता तापवलं तर बुडबुडे येतात.

रंगकाम आतून, तेही उलट्या क्रमाने: आधी नंबर आणि पट्टे, मग मुख्य रंग. त्यामुळे कितीही घासाघीस झाली तरी रंग शाबूत. सावंतवाडीचे चितारी लाकडी खेळण्यावर सर्वात शेवटी जी बारीक रेघ ओढतात, ती इथे सर्वात आधी ओढावी लागते.

दशक संपायच्या आत अमेरिकेतलं वेड ओसरलं. मागे राहिले ते वेगाचे भक्त. त्यांनी बॉडी इतकी चपटी आणि पातळ केली की तिचं कुठल्याही खऱ्या गाडीशी नातं उरलं नाही. या ‘विंग कार’ १५५ फुटांची फेरी दीड सेकंदाच्या आत मारतात. रिमोटच्या गाड्यांनीही तोच रस्ता धरला. टामिया कंपनीची १९७६ ची पोर्शे ९३४ जाड प्लॅस्टिकची होती. शर्यतीच्या मैदानावर मात्र पॉलिकार्बोनेटचंच राज्य झालं.

अलीकडे साचा थ्रीडी प्रिंटरवर निघतो. लाकूड कोरण्याचा हात नसलेल्यालाही एखादी जुनी, विस्मरणात गेलेली रेसकार घरच्या घरी उतरवता येते. हौशी माणूस आज आधी दिसणं पाहतो, मग वेग. बॉडी पातळ झाली म्हणून गाडीचा चेहरा गेला नव्हता. फक्त जिंकायचंच ठरवलं, तेव्हा तो गेला.