चालण्यापुढची पायरी : रोलर स्की

नॉर्डिक पद्धतीच्या चालण्यात दोन्ही हातांतील काठ्यांनी जमीन मागे रेटली जाते; त्यामुळे पायांबरोबर दंड, खांदे व पाठ यांनाही व्यायाम घडतो. यापुढची पायरी म्हणजे रोलर स्की, अर्थात चाके लावलेल्या अरुंद पट्ट्या. बर्फ नसलेल्या ऋतूतही स्कीपटूंचा सराव चालू राहावा, हा त्यांचा मूळ उद्देश. काठ्यांची सवय येथे उपयोगी पडते. तोल मात्र नव्याने साधावा लागतो, कारण बहुतेक रोलर स्कींना ब्रेक नसतो. चेन्नईतील नुंगंबाक्कमची सपाट भूमी यास अनुकूल आहे. परंतु तेथील वेधशाळेने ३१ मे २००३ रोजी ४५ अंश सेल्सिअस तापमान नोंदविले होते. म्हणून नवशिक्याने पहाटेची वेळ, वाहनविरहित आवार आणि शिरस्त्राण यांची निवड करावी, आणि वेग वाढविण्यापूर्वी थांबावयास शिकावे.