देणगीच्या पैशाने जंगल वाचतं का?

निसर्गासाठी कोणा धनाढ्याने मोठी रक्कम दिल्याची बातमी आली की आपल्याकडे कोणी त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करतं, तर कोणी करसवलतीचा हिशेब मांडतं. त्या पैशाचं पुढे काय झालं, हे मात्र क्वचितच विचारलं जातं.

गैरसमज: श्रीमंताने जमीन विकत घेतली की जंगल वाचलं.

वस्तुस्थिती: 'द नॉर्थ फेस' कंपनीचे संस्थापक डग्लस टॉम्पकिन्स यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण चिलीत जमिनी घ्यायला सुरुवात केली. पुमालिन भागात हजारो वर्षं जगणारे आलेर्से वृक्ष आहेत. तिथली त्यांची जमीन समुद्रकिनाऱ्यापासून थेट अर्जेंटिनाच्या सीमेपर्यंत पसरत गेली. 'हा परका माणूस आपल्या देशाचे दोन तुकडे करणार,' अशी ओरड झाली. मला ती भीती समजू शकते. एवढा मुलूख एका परदेशी माणसाच्या नावावर झालेला कोणत्या देशाला रुचेल?

2004 मध्ये दक्षिण चिलीतल्याच चाकाबुको खोऱ्यातलं मेंढ्यांचं अवाढव्य कुरणही टॉम्पकिन्स पती-पत्नींच्या पुढाकाराने घेतलं गेलं. मेंढ्या विकल्या, पण खरं कष्टाचं काम होतं कुंपणं काढण्याचं. शेकडो किलोमीटरची तार होती. उंटाच्या कुळातला ग्वानाको उडी मारताना त्या तारेत पाय अडकून मरायचा. स्वयंसेवकांनी हातांनी खांब उपटले, तारेची भेंडोळी केली. गवत पुन्हा वाढलं, ग्वानाकोंचे कळप परतले. पूर्वी प्यूमा मारणारे काही स्थानिक पुढे प्यूमांचा माग काढून त्यांची नोंद ठेवू लागले. मेंढपाळीवर जगणाऱ्या शेजाऱ्यांचा राग मात्र बरीच वर्षं टिकून होता.

2015 मध्ये डग्लस कयाक अपघातात गेले. जानेवारी 2018 मध्ये त्यांच्या पत्नी क्रिस्टीन आणि चिलीच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेलेत यांनी करारावर सह्या केल्या. दान सुमारे 10 लाख एकरांचं होतं आणि सरकारने त्यात आपली सुमारे 90 लाख एकर जमीन घातली. त्यातून पाच नवी राष्ट्रीय उद्यानं झाली, तीन वाढली. जमीन खासगी राहिली असती तर पुढच्या एखाद्या वारसाने ती विकायला काढली असती. आता तिच्यामागे देशाचा कायदा उभा आहे.

गैरसमज: देणगीदार सरकारची जागा घेऊ शकतात.

वस्तुस्थिती: तेवढा पैसाच नाही. जगभरातल्या एकूण दानापैकी दोन टक्क्यांहूनही कमी वाटा कार्बन उत्सर्जन घटवण्याच्या कामाला मिळतो. म्हणून तो कुठे लावायचा याला महत्त्व. सेशेल्स या बेटांच्या देशाचं सुमारे 2 कोटी डॉलरचं परदेशी कर्ज 2016 मध्ये एका निसर्गसंस्थेच्या पुढाकाराने फेडलं गेलं. त्यात देणगी होती जेमतेम 50 लाख डॉलर, बाकी सवलतीचं नवं कर्ज. बदल्यात सेशेल्सने 2020 पर्यंत आपल्या सागरी हद्दीचा 30 टक्के भाग संरक्षित केला.

गैरसमज: सीएसआर (कंपन्यांचं सामाजिक दायित्व) म्हणजे दानधर्म.

वस्तुस्थिती: भारतात 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेच लागतात. पर्यावरण हा त्यातला अनेकांपैकी एक विषय. तेव्हा त्या खर्चाचा जाब विचारताना संकोच करायचं कारण नाही.

गैरसमज: जाहीर झालेला पैसा जंगल राखणाऱ्यांच्या हाती पोचतो.

वस्तुस्थिती: इथे चित्र फार निराशाजनक आहे. 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पाच सरकारं आणि 17 देणगीदारांनी आदिवासी आणि स्थानिक समूहांच्या जमीनहक्कांसाठी 170 कोटी डॉलर जाहीर केले. पहिल्या वर्षी जे वाटले गेले, त्यातले फक्त सात टक्के थेट त्यांच्या संघटनांना मिळाले. मोठ्या निधीसाठी लागणारे लांबलचक अर्ज, परकी भाषा, लेखापरीक्षणाचे अहवाल हे सगळं वस्तीतल्या संघटनेला झेपत नाही, आणि पैसा मधल्या मोठ्या संस्थांकडे जातो. यावर समूहांनीच उपाय काढायला सुरुवात केली आहे. इंडोनेशियात आदिवासी, शेतकरी आणि पर्यावरणवाद्यांच्या तीन संघटनांनी मिळून 2023 मध्ये 'नुसांतारा फंड' सुरू केला. देणगी कोणत्या गावाला द्यायची, हे आता तिथे त्या संघटनाच ठरवतात.