धुरेवरचा भार : जड मोटारसायकल वाहून नेताना

श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 यवतमाळ जिल्ह्यात वडकी, करंजी, पांढरकवडा आणि पाटणबोरी या गावांवरून तेलंगणाकडे उतरतो, आणि लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बांधलेल्या मोटारसायकलींची वर्दळ त्यावर असते. रॉयल एनफील्डची हिमालयन सुमारे 200 किलोची असते, तर होंडाची गोल्ड विंग टूर 380 किलोंच्याही पुढे जाते. गोल्ड विंगसारखी गाडी वाटेत बंद पडली तर ती दोघा-तिघांना फार लांब ढकलून नेता येत नाही, आणि तिच्या दुरुस्तीची सोय बहुधा मोठ्या शहरातच होते.

अशी गाडी वाहून नेण्यासाठी परदेशात घडीचा ट्रेलर वापरतात. जमिनीलगत फळी असलेली ही दोन चाकांची गाडी मोटारीच्या मागे जोडली जाते, आणि काम झाल्यावर तिची घडी करून ती भिंतीशी उभी ठेवता येते. तिचे सारे शास्त्र भार कोठे ठेवावा या एका प्रश्नात सामावलेले आहे, आणि कापसाची बैलगाडी भरणाऱ्या शेतकऱ्याला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे : ओझे आसाच्या मागे गेले की गाडी उलाळ होते, फार पुढे आले की बैलांच्या मानेवर बसते. ट्रेलरमध्ये बैलांच्या मानेची जागा मोटारीच्या मागील जोडगोळा घेतो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग या गोळ्यावर यावा, असा अमेरिकेतील प्रघात आहे. 380 किलोंची मोटारसायकल आणि 200 किलोंचा ट्रेलर धरला, तर हा भार 58 ते 87 किलो होतो. जिनिंग कारखान्याच्या मोठ्या वजनकाट्यावर एवढा लहान भार नेमका कळत नाही, धान्य व्यापाऱ्याकडील साध्या काट्यावर मात्र तो मोजता येतो.

उलाळ ट्रेलरचा खरा धोका वेगात प्रकटतो. त्याचे शेपूट डावीउजवीकडे झुलू लागते, प्रत्येक झोक्यासरशी मोटारीचा मागचा भाग ओढला जातो, आणि एका विशिष्ट वेगापलीकडे हे झोके आपोआप विरण्याऐवजी वाढत जातात. अशा वेळी स्टिअरिंगचे चाक सरळ धरून अॅक्सिलरेटरवरील पाय हलकेच काढावा. घाबरून जोरात ब्रेक दाबल्यास किंवा चाक उलटसुलट फिरवल्यास अनर्थ ओढवतो.

मोटार वाहन अधिनियम, 1988 ट्रेलरची नोंदणी आवश्यक मानतो आणि त्याच्या मागे ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही दिसला पाहिजे असे सांगतो, त्यामुळे गावच्या वेल्डरकडून सांगाडा जोडून घेऊन महामार्गावर उतरणे योग्य नव्हे. जिल्ह्यात हे काम प्रत्यक्षात पिकअपच करतो. ‘छोटा हत्ती’ या लहान मालगाडीचा हौदा सुमारे सात फुटांचा आणि गोल्ड विंग साडेआठ फुटांची, म्हणून मोठा पिकअपच घ्यावा लागतो. मोटारसायकल चढवण्यासाठी पिकअपची मागची बाजू उंच बांधाला किंवा मालधक्क्याला लावली, तर हौदा आणि जमीन जवळजवळ एका पातळीवर येतात. तिरप्या फळीवरून एवढे वजन चढवण्यापेक्षा ही रीत कितीतरी सुरक्षित आहे.

ट्रेलर असो वा पिकअप, बांधणीतच सर्वाधिक चुका होतात. मोटारसायकल बाजूच्या स्टँडवर कलती न ठेवता सरळ उभी करून तिचे पुढचे चाक खाचेत अडकवतात, चार कोपऱ्यांना चार पट्टे लावतात, आणि पुढचे पट्टे हँडलच्या टोकांऐवजी हँडलखालच्या भक्कम जोडावर घेऊन पुढचे शॉकअॅब्सॉर्बर अर्धवट दबतील इतके ताणतात, कारण ते मोकळे राहिल्यास खड्ड्यात गाडी खाली बसते आणि त्याच क्षणी पट्टा सैल होऊन हूक निसटतो. नायलॉनचा पट्टा पावसात भिजला की लांबतो, म्हणून पॉलिएस्टरचा बरा. उन्हाळ्यात, पारा 45 अंशांकडे झुकलेला असताना, ट्रेलरच्या लहान चाकांतील हवा प्रवासाला निघण्यापूर्वीच, टायर थंड असताना तपासावी, कारण लहान चाकाला त्याच अंतरात अधिक फेरे घ्यावे लागतात आणि हवा कमी असलेला टायर लवकर तापून फुटतो.

पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ताणावेत. पावसाळ्यात मात्र हे थांबणे पेट्रोल पंपाच्या किंवा ढाब्याच्या पक्क्या आवारातच करावे, कारण डांबराला लागून असलेल्या काळ्या मातीत एका बाजूचे चाक रुतले, की नीट तोललेला भारही कलतो.